बाबांच्या टेपचा खरा वेग

आधीच सांगतो, मी साउंड एडिटर आहे. लोकांच्या रेकॉर्डिंगमधले खोकले आणि पंख्यांचे आवाज काढणं हा माझा धंदा. त्यामुळे "टेपमध्ये नसलेला आवाज आला" असं कुणी सांगायला लागलं की मी सरळ हसायचो. गेल्या दिवाळीपर्यंत...

माझे बाबा पोलीस बँडात हॉर्न वाजवायचे. गाडीचा नव्हे हो! पितळेचं ते मोठं वेटोळं असतं ना, ज्याच्या कर्ण्यात उजवा हात घालून वाजवतात, तो. परेडला सगळ्यांबरोबर वाजवायचे आणि घरी एकटेच. त्यांच्या एकट्याच्या वादनाची एकच कॅसेट आहे. आम्ही शिरढोणला भाड्याने राहायचो तेव्हाची. कुठलीशी इंग्रजी क्लासिकल चीज, आणि फीत संपल्यामुळे अगदी शेवटच्या ओळीत तुटलेली. पण काय उडती चाल! शेजारच्या काकू तर घरात हळद असली की आमच्या दारात हजर.

"वयनी, भाऊंची ती टेप द्या ना, आमच्या पोरीची हलद हाय!"

मग काय, अख्खी आळी त्यावर नाचायची. बाबा मांडवाच्या कडेला थोडा वेळ उभे राहायचे आणि हळूच घरी निघून जायचे. आई म्हणायची, "लाजतात."

बाबा गेले, आई आमच्याकडे न्यू पनवेलला आली. तिची एकच भुणभुण... "तुझ्या कॉम्प्युटरवर ह्यांचा शेवट जोडता येतो का रे?" तिला ते तुटणं सहनच होत नाही. ती जागा जवळ आली की ती टेप बंद करायची, नाहीतर उठून आत जायची. "आई, जे भरलंच नाही ते मी आणू कुठून?" मी वैतागून म्हणायचो.

दिवाळीच्या सुट्टीत शेवटी ती कॅसेट कॉम्प्युटरवर घेतली. साफ करताना मागे बारीक घूंSS ऐकू आली. ही घूं विजेची असते आणि आपल्याकडे तिचा सूर ठरलेला असतो. इथे मात्र ती चक्क तीन पट्ट्या वर! हात्तिच्या... म्हणजे ज्या टेपरेकॉर्डरवर बाबांनी हे भरलं त्याचा फीत फिरवणारा बेल्ट सैल असणार. फीत तेव्हा रखडत फिरली आणि नंतर धडधाकट मशीनवर पळत सुटली. मी घूं तिच्या जागेवर आणली. तिच्याबरोबर हॉर्नही खाली उतरला, चाल मंद झाली.

मी पुन्हा पहिल्यापासून लावलं. ती नाचायची चाल नव्हतीच मुळी. इतकं संथ, इतकं एकटं वाजवलेलं मी आजवर काही ऐकलं नव्हतं.

टेप पळतेय हे बाबांना कळलं नसेल? लांबून सनईची पट्टी ओळखणारा माणूस तो! दर हळदीला त्यांना कळत असणार. पण लोक खूश आहेत ना, मग नाचू द्या, असा स्वभाव. कुणाला एका शब्दाने बोलले नाहीत. या गोष्टीचं मला अजून फार वाईट वाटतं.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर स्पीकर लावले. आई दिवाणावर, माझी बायको वृषाली तिच्या शेजारी. पहिल्या दोन ओळी झाल्या आणि आईने पदर तोंडाला लावला.

"अगं बाई... हे तर बेबीच्या वेळचं!"

बेबी म्हणजे माझी मोठी बहीण. मी जन्मायच्या आधीच तापाने गेली. "ती गेली त्यानंतर बोलतच नव्हते रे हे. एक दिवस दार लोटून घेतलं आणि हेच वाजवत बसले. शेवटी शेवटी मलाच ऐकवेना, मी उठून मागच्या दारी गेले. आपली टेप म्हणजे हेच, हे मला मेलीला कधी कळलंच नाही."

वृषालीने तिचा हात धरला. तेवढ्यात तुटायची जागा जवळ आली. आई सवयीने उठली, बाथरूममध्ये गेली, दार लावलं, नळ सोडला.

आणि टेप तुटली नाही.

हॉर्न पुढे गेला. ती ओळ पूर्ण झाली. शेवटचा सूर... किती वेळ धरलेला! मग लांब श्वास, आणि नळीतलं पाणी झटकल्याचा ठक ठक आवाज. वाजवून झालं की बाबा नेहमी हॉर्न उलटा करून तसं पाणी काढायचे. वृषालीने माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक!

"आई! अहो आई, लवकर या!" ती ओरडली.

आई ओल्या तोंडाने बाहेर आली, तोवर सगळं शांत.

पुन्हा लावलं, तर नेहमीच्या जागी तुटलं. पुन्हा पुन्हा लावलं. फाइल तिथेच संपते. कॅसेट उघडून बघितली, फीतही तिथेच संपते. मी एकट्याने ऐकलं असतं तर भास म्हणून सोडून दिलं असतं, पण वृषालीनेही ऐकलंय. मी माझ्या धंद्यातल्या मित्रांना फाइल पाठवली, त्यांच्याकडेही ती तिथेच तुटते.

आता आई दर रविवारी टेप लावायला सांगते आणि हलत नाही. जे तुटणं आयुष्यभर टाळलं, ते समोर बसून ऐकते. मग मला विचारते, "शेवटी कसं वाटलं रे? शांत झाले का हे?"

वृषाली म्हणते, शांत होता तो सूर. मला तो रडण्यासारखा वाटला होता. आईसमोर मी मान डोलावतो, "हो, शांत." पण खरं काय ते आम्हा दोघांनाही सांगता येत नाही. जिला ते नक्की कळलं असतं, ती त्या वेळी नळाखाली तोंड धूत होती.