नावाड्याची बायको

"ऐका की गुपचूप," ही म्हणाली आणि चष्मा वर सरकवला. मी लसूण सोलत होतो, ती वाचत होती. आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम.

करोनाची दुसरी लाट होती. सरोजिनी नगरात मुलाचं क्वार्टर. बाजार बंद, रस्त्यावर नुसत्या अॅम्ब्युलन्स. मी चौथी शिकलेला, जन्म गेला सरकारी गाडी चालवण्यात. ही ऑफिसात टायपिस्ट, आणि पुस्तकवेडी. प्लेगवरची एक जुनी जाड कादंबरी तिने तरुणपणी वाचली होती. ती पुन्हा काढली आणि रोज दुपारी मला वाचून दाखवायला लागली.

मी म्हटलं, "बाहेर माणसं मरतायत आणि तू घरात प्लेग आणतेस?"

"पुस्तकातला प्लेग चावत नाही हो."

गोष्ट एका नावाड्याची. गावात प्लेग येतो, त्याची बायको माहेरी जाते. हा एकटा नाव हाकतो, एकटा चूल फुंकतो, दोन भाकऱ्या थापतो आणि एक तशीच ठेवतो. मी रोज विचारायचो, "आली का त्याची बायको?"

"येईल. तुम्हाला कसली घाई?"

तुमच्याही पाहण्यात अशी बाई असेल. कोथिंबीरसुद्धा साबणाने धुवायची. वरणाला फेस यायचाच बाकी होता. मुलगा ओरडला, "आई, यार, बस कर!" तर म्हणे, "साबणाने कोणी मरत नाही." आणि वाईट बातमी सरळ सांगेल तर शपथ. माझा भाऊ गेल्याचा फोन आला, तेव्हा आधी मला पोटभर जेवू घातलं, हात धुवायला लावले, मग सांगितलं. मी भडकलो. म्हणाली, "नंतर घास उतरला असता का?" नसता उतरला.

लसूण सोलला त्याच संध्याकाळी तिला ताप भरला. पुढे दम लागायला लागला. मुलगा तिला गाडीत घालून घेऊन गेला, मला येऊ दिलं नाही. जिन्यात थांबून म्हणाली, "अहो, जेवून घ्या."

आठवड्याने हॉस्पिटलातून मुलगा एकटाच परत आला, तिचा चष्मा घेऊन.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते पुस्तक घेतलं. ती बाई माहेराहून आली की नाही, एवढंच बघायचं होतं. तिने घातलेल्या खुणेच्या पुढे शोधलं, सापडेना. मग मागे मागे गेलो, ओळीवर बोट ठेवून, अक्षराला अक्षर लावत. माहेर कुठेच नव्हतं. नावाड्याची बायको सुरुवातीलाच प्लेगने गेली होती. त्यानेच तिला नावेतून पलीकडच्या काठावर नेलं होतं.

"बाबा, चहा ठेवू?" मुलाने विचारलं.

"थांब," मी म्हटलं.

खुणेचं पान पुन्हा काढलं आणि तिथून पुढे वाचायला बसलो. तो नंतर कसा राहिला, ते मला बघायचं होतं.