इंद्रलोकातलं फाइन डाइन

पार्सलचे प्लॅस्टिकचे डबे घरात साठतात ना, तसे काही किस्से साठतात. कुणी मुद्दाम जमवत नाही, टाकवतही नाहीत, आणि एक दिवस कपाट उघडलं की सगळे अंगावर! माझ्याकडचे बहुतेक एकाच माणसाच्या कृपेने साठलेत. केदार. आमच्या समोरच्या फ्लॅटमधला.

आम्ही भाईंदर ईस्टला, इंद्रलोकमध्ये राहतो. केदार बावन्नचा, औषध कंपनीत मॅनेजर. घरात बायको मंजिरी, मुलगी इरा आणि आई मालतीकाकू. दोन वर्षांपूर्वी लग्नाच्या वाढदिवसाला तो मंजिरीला मुंबईतल्या एका भारी रेस्टॉरंटमध्ये घेऊन गेला आणि परत आला तो शेफ होऊनच!

"त्यात काय एवढं? हे सगळं घरी होतं," म्हणाला.

झालं. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी 'फाइन डाइन' ठरलं. पाळीपाळीने तीन घरं: केदारचं, आमचं आणि खालच्या मजल्यावरच्या केतनभाईंचं. मी आणि माझा नवरा विनय कशाला अडकलो म्हणाल, तर शेजारधर्म. रोज एकाच लिफ्टने जायचं, तोंड कुठे लपवणार?

*

पहिला मान रिसोटोचा. केदार पाऊण तास गॅससमोर उभा राहून भात ढवळत होता. मध्ये कुणी बोललं तरी "श्श!" करायचा, जणू ऑपरेशन चाललंय. शेवटी सहा जणांपुढे सहा खोलगट प्लेट्स आल्या.

मालतीकाकूंनी एक घास घेतला, बराच वेळ चावला.

"तांदूळ कच्चा राहिलाय रे."

"आई, तो मुद्दाम तसा ठेवतात. दाताला लागला पाहिजे."

"माझी कवळी आहे," काकू म्हणाल्या. "एक शिट्टी अजून दे."

*

मग केतनभाईंची पाळी. त्यांनी व्हिडिओ बघून बिटाचा फेस करायचं ठरवलं. हो, फेस! खायचा! बीट उकडलं, गाळलं, हँड ब्लेंडर फिरवला. अर्धा फेस किचनच्या नव्या रंगाच्या भिंतीवर गेला, उरलेला प्लेटमध्ये. किचनपासून टेबलापर्यंत येईतो तोही बसला. आमच्यासमोर आल्या त्या पांढऱ्या प्लेट्स आणि त्यावर एकेक गुलाबी डाग.

केतनभाई पाण्याचा जग आणायला आत गेले. बाहेर येऊन बघतात तर विनयची प्लेट लख्ख.

"अरे वा विनयभाई, खतम? कैसा लगा?"

विनय टिश्यू पेपरची घडी करत म्हणाला, "क्या कैसा लगा? प्लेट थोडी गंदी रह गयी थी, मैंने पोंछ ली."

*

उत्तनची आग्नेसबाई रविवारी आमच्या गेटवर मासे घेऊन बसते. तिच्याशी केदार ज्या भाषेत बोलतो, ते ऐकून मला गेटवरच लाज वाटते.

"एकदम फ्रेश रावस पाहिजे, आग्नेसबाई. कच्चा खायचाय."

तिचा कोयता थांबला. "कच्चा? शिजवायचा न्हाय?"

"नाही. पातळ काप करून, तसाच."

आग्नेसबाईने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. चेहऱ्यावर खरी काळजी. "गॅस संपला हाय का साहेब? सांगायचं ना! माझ्या घरी चूल हाय, तळून देते."

केदारने जपानवर लेक्चर दिलं. तिने मान डोलावली, मासा कापून दिला. पुढच्या रविवारी गेटवर ही गर्दी, आणि तिने लांबूनच हाक मारली, "काय साहेब, आला का गॅस?"

*

काचेच्या घुमटाखाली धूर कोंडायचा, घुमट उचलायचा, धूर पसरतो आणि आतून पनीर प्रकट होतं. ही पुढची कल्पना. केदारने वाटीत पेटता कोळसा ठेवला, त्यावर तूप आणि वर कसल्याशा लाकडाचा भुसा. भुसा जरा जास्त पडला. घुमट उचलला तेव्हा पनीर तर नाहीच दिसलं, समोर बसलेली मंजिरीही दिसेना! खिडक्या उघडल्या, दार उघडलं, धूर पॅसेजमध्ये आणि तिथून जिन्याने खाली. खालच्या मजल्यांवर फटाफट खिडक्या लागल्याचे आवाज आले.

दहा मिनिटांत सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज: 'आज बी विंगमध्ये डासांची फवारणी झाली. महापालिकेचे आभार. इतर विंगमध्येही लवकरच.'

खाली सतरा नमस्कार.

*

आता माझाही सांगते, नाहीतर म्हणाल हिला दुसऱ्यांचंच दिसतं. आमच्या पाळीला मी म्हटलं, आपणही दाखवूया. मोठ्या हॉटेलांत म्हणे पदार्थ सुटा सुटा करून मांडतात. मी वडापाव सुटा केला. एका कोपऱ्यात बटाट्याची भाजी, दुसऱ्यात बेसनाचा चुरा, तिसऱ्यात पावाचा भाजलेला तुकडा, मध्ये चटणीचे तीन ठिपके. सकाळपासून खपत होते!

मालतीकाकूंनी प्लेट बघितली. पाव उघडला, भाजी भरली, चुरा टाकला, ठिपके पुसून घेतले आणि खाल्लं.

जाताना माझ्या पाठीवरून हात फिरवत मंजिरीला म्हणाल्या, "ऑफिसमधून उशीर झाला असेल गं बिचारीला. जोडायचं राहून गेलं."

*

आणि गेल्या महिन्यात इराच्या होणाऱ्या सासरची माणसं नाशिकहून आली. मुलगा आणि इरा यांचं केव्हाच ठरलं होतं, पण मुलाचे वडील रत्नाकरराव काही केल्या हो म्हणत नव्हते. मुंबईकडची मुलगी, आमच्या घरात रुळेल का, असं चाललेलं. पोरगी आठवडाभर नीट जेवली नव्हती. मंजिरीने केदारला हात जोडून सांगितलं, "श्रीखंडपुरी कर, नाहीतर बाहेरून मागव. पण ते तुझं नको." तर याने सात कोर्सचा मेन्यू छापून आणला! वाढायला म्हणून मी आणि विनय.

पाहुणे मासे खाणारे, म्हणून पहिलीच डिश कोळंबीची. बारीक चिरलेली, नारळाच्या दुधातली, दिसायला थेट खिरीसारखी, मोजून दोन घास, आणि वर एक केशरी फूल. मी पहिली प्लेट रत्नाकररावांपुढे ठेवली.

त्यांनी त्या दोन घासांकडे पाहिलं, फुलाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"वा! आधी नैवेद्य काढलात! देवघर कुठंय?"

केदार मेन्यू हातात घेऊन पुढे झाला. तोवर ते प्लेट दोन्ही हातांत धरून उठलेसुद्धा. त्यांच्या बायकोने डोक्यावर पदर घेतला. इराने, काय करणार बिचारी, देवघर दाखवलं. रत्नाकररावांनी प्लेट गणपतीपुढे ठेवली, भोवती पाणी फिरवलं, डोळे मिटले. मागे आम्ही सगळे हात जोडून उभे. विनयचे खांदे हलत होते, मी त्याला कोपर मारलं. मंजिरीने किचनमधल्या बाकीच्या प्लेट्स केव्हा फ्रीजमध्ये ढकलल्या, मला कळलंही नाही.

रत्नाकररावांनी डोळे उघडले तेव्हा ते भरून आले होते.

"हल्ली हे कुणाच्या घरी राहिलंय? दुसरं काय बघायचं आता! तारीख काढा."

इरा रडायलाच लागली.

संध्याकाळी पाहुणे गेले. केदार सोफ्यावर बसला होता, न वाटलेले मेन्यू मांडीवर. मालतीकाकू हळूहळू देवघरात गेल्या, ती प्लेट घेऊन आल्या आणि त्याच्यापुढे धरली.

"आई," केदार म्हणाला, "अगं, ती कोळंबी आहे."

"प्रसाद आहे," काकू म्हणाल्या. "फूल बाजूला काढ आणि खा."