मामीची हळद, ताशी शंभर

आमच्या घरात गाडी फक्त मला चालवता येते. बाकीच्यांना ती कशी चालवावी एवढंच सांगता येतं.

बाकीचे म्हणजे आमचे हे. गेली वीस वर्षं शेतातला ट्रॅक्टर मी चालवते, भाजीचा टेम्पो मी चालवते. चिखलीच्या बाजारात मी टेम्पो रिव्हर्स घेऊ लागले की माणसं थांबून बघतात. (काही जण लांब पळून मग थांबतात, ती गोष्ट वेगळी!) म्हणूनच माझ्या नणंदेचा, शोभाताईंचा अमोल जेव्हा पुण्याहून उघड्या टपाची लालभडक गाडी घेऊन आला, तेव्हाच माझे हात शिवशिवले होते.

अमोलचं लग्न बीबी गावाला होतं. सकाळी अकराला हळद, संध्याकाळी लग्न, मग या गाडीतून वरात. गाडी फुलांनी सजवायला तो आदल्या दिवशी चिखलीत ठेवून गेला. ती सकाळी बीबीला आणायला एक ड्रायव्हर ठरवला होता. त्याने ऐनवेळी फोन बंद केला! अमोल फोनवर रडकुंडीला आला.

"मामी, आता कसं करू?"

"काही टेन्शन घेऊ नको. मी आणतो गाडी!"

(आमच्या वऱ्हाडात बाईसुद्धा ‘मी आणतो’च म्हणते. गाडी आणायची म्हटल्यावर व्याकरण कोण बघत बसतो!)

हे घाबरले. "तुले जमते काय वं? तो टेम्पो नोहे."

"चार चाकं, एक स्टेअरिंग. फरक काय हाये?"

"टेम्पोले टप असते!"

त्या दिवशी आणखी एक जबाबदारी आमच्याकडे होती. नवरदेवाला मामाच्या शेतातली हळद लावायची, हा शोभाताईंचा हट्ट. घरची हळद दळून आणून मी स्टीलच्या डब्यात भरली. झाकण काही सापडेना. मग डब्यावर फडकं ताणून वरून सुतळीची गाठ मारली.

"सुटन ते," हे म्हणाले.

"माह्यी गाठ हाये. नाही सुटत!"

डबा मागच्या सीटवर ठेवला आणि निघालो. चिखली हे माझं माहेर. झेंडूच्या माळांनी सजवलेली उघडी लाल गाडी हाती आल्यावर माहेरच्या गल्लीतून न जाणं म्हणजे गाडीचा अपमान! मी एक चक्कर मारली. वहिनी घरात होती, तिला दिसलो नाही, म्हणून दुसरी मारली. तिसरीला ती बाहेर आली. या सगळ्यात चांगलाच उशीर झाला.

"आता टप लावून घे अन् चाल," हे म्हणाले.

मी एक बटण दाबलं. वायपर सुरू झाले. दुसरं दाबलं, काचेवर पाणी उडालं, ते थेट यांच्या धोतरावर. तिसरं न दाबायची यांनी शपथ घातली. राहू दे म्हटलं उघडंच!

मेहकर मागे पडलं, रस्ता मोकळा झाला. घड्याळात साडेदहा. मी पाय दाबला. साठ. ऐंशी. अहाहा! टेम्पोत ऐंशीला गाडीचा आत्मा निघून जातो. ही नुसती हसत होती.

"हळू चालव नं वं!" हे दोन्ही हातांनी फेटा धरून ओरडले.

"हळूच त चालवून राह्यली!"

शंभर! आधी झेंडूच्या माळा सुटल्या आणि बांधावरच्या शेळ्यांना मेजवानी झाली. मग मागून ‘फट्’ असा आवाज आला. गाठ सुटली नाही, हे मी आजही छाती ठोकून सांगते. फडकं तेवढं गाठीतून निघून गेलं.

उघड्या गाडीत वारा समोरून येतो, मग फिरून मागून मानगुटीवर बसतो, हे मला त्या दिवशी कळलं. कारण वाऱ्याबरोबर हळदही आली! माझा चष्मा पिवळा झाला. मला वाटलं, ऊन चढलं. यांच्या पांढऱ्या मिशा पिवळ्या दिसल्या, तेव्हा शंका आली. मी पाय सोडला, गाडी अगदी बेताने कडेला घेतली, आणि नेमके तिथेच पोलीस उभे!

साहेब जवळ आले. फुलांचे दोरे लोंबणारी गाडी बघितली. मग हळदीने न्हालेल्या आम्हा दोघांकडे बघितलं.

"लगन हाये काय?"

"हाव," मी म्हणाले.

"बरं हाये. उशिरा का होईना, झालं!" साहेबांनी यांचा हात हातात घेतला. "पण काका, पळून जातानी एवढ्या स्पीडनं नाही जाऊ. या वयात कोण येते मागं?"

हे खुलासा करायला गेले आणि तोंडातून नुसती हळद उडाली. पावती फाडून साहेबांनी आम्हाला सुखी संसाराच्या शुभेच्छा दिल्या.

बीबीला मांडवाशी पोचलो तर बँडवाल्यांना वाटलं, नवरा-नवरी आले. वाजवायलाच लागले! शोभाताई धावत आल्या, डब्यात डोकावल्या. तळाशी चिमूटभर हळद.

"वहिनी! पोराले आता काय लावू?"

त्यांचे डोळे भरले. माझा सगळा तोरा एका क्षणात उतरला. मामाच्या घरचा मान मी रस्त्याने उधळून आले होते. मला मान वर करवेना.

तेवढ्यात अमोल पाटावरून उठला, यांच्या गालावर बोट फिरवलं आणि स्वतःच्या कपाळाला लावलं. "मामाच्या घरचीच हाये नं? मंग मामाच्या गालावरची चालते!"

झालं! बायकांनी आम्हा दोघांना पाटावर बसवलं, हळद झटकून परातीत घेतली, तेलात कालवली. सगळ्यात जास्त माल माझ्या अंबाड्यात निघाला! पोरगं असं पिवळंधमक झालं की संध्याकाळपर्यंत उजळत होतं.

रात्री वरात निघाली. गाडी कोण चालवणार, असं कोणीतरी विचारलं आणि मी हात वर केला. अमोलने किल्ली खिशात घालून खिसा दाबून धरला. पण मामीचा मान त्याने राखला हो! मला वरातीत सगळ्यांच्या पुढे ठेवलं. गाडीच्याही पुढे. पायी.

तरी अभिमानाने सांगते, त्या दिवशी बीबीत एकाही गाडीला मला ओव्हरटेक करता आलं नाही!