कंडक्टरआबांचा विरोध

कंडक्टरआबांना हळू बोलता येत नसे. कुजबुजायला म्हणून ते कानाशी यायचे आणि त्यांचं बोलणं शाळेच्या फाटकापर्यंत जायचं. कोरोनाच्या लांबलचक सुट्टीनंतर शाळा उघडली त्या सकाळी आम्ही शिक्षिका मुलांच्या कपाळासमोर ताप मोजायचं यंत्र धरून एकेकाला आत सोडत होतो. आबा नातीला घेऊन आले, माझ्याकडे वाकले आणि खासगीत म्हणाले, "मॅडम, मोठ्या मॅडमचा मास्क उलटा हाय." मुख्याध्यापिकाबाई व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला उभ्या होत्या. त्यांनी तिथल्या तिथे पाठ फिरवली आणि मास्क सुलटा केला.

हा आवाज एसटीने कमावून दिलेला होता. जन्मभर ते कंडक्टर होते. अंबड-जालना, वाटूरकडची गाडी, चतुर्थीला राजूरच्या गणपतीसाठी सोडलेली जादा गाडी, सगळीकडे इंजिनाच्या वर आवाज काढायची सवय. निवृत्त झाले तरी आवाज निवृत्त झाला नव्हता. मुलगा आणि सून पुण्यात नोकरीला. टाळेबंदीत त्यांनी प्रांजलला अंबडला आजी-आबांकडे आणून सोडलं आणि ती तिथेच रमली. माझ्या पाचवीच्या वर्गात तिचं नाव होतं. त्यामुळे शाळेच्या लेखी प्रांजलचे पालक म्हणजे आबा.

पालकसभेत ते कधी खुर्चीवर बसत नसत. "बसल्यावर मागचं दिसत न्हाई," म्हणायचे. दोन रांगांच्या मधल्या जागेत उभे राहायचे, एका खांद्याने कशाला तरी टेकून. तसं टेकायला काही नसलं तर जवळच्या पालकाच्या खुर्चीची पाठ धरायचे आणि तो पालक सभा संपेपर्यंत ताठ बसायचा. दोघं एकदम बोलायला लागले की आबा हात वर करायचे. "आधी त्यांचं उतरू द्या, मंग तुम्ही चढा." एवढं एक वाक्य ऐकून भलेभले गप्प व्हायचे. आमच्या मुख्याध्यापिकाबाईंना सभा आवरायला ते फार उपयोगी पडत. फक्त तेच विरोधात असले की पंचाईत व्हायची.

तशी ती एकदा झाली. आरोग्य केंद्रातून निरोप आला की शाळेत येऊन मुलांची कोरोनाची तपासणी करणार आहोत, पण सक्ती नाही. ज्या पालकांची इच्छा असेल त्यांच्याच मुलांची. बाईंनी मैदानात लिंबाखाली अंतर ठेवून खुर्च्या मांडल्या, पालकांना बोलावलं आणि सांगितलं, "तपासणी ऐच्छिक आहे. तुमचं मत हवंय."

पहिला हात एका आईचा वर आला. "मॅडम, ऐच्छिक म्हणजे मार्क धरणार न्हाईत ना?"

बाईंनी समजावलं. मग किराणा दुकानवाले शेठजी उठले. त्यांच्या घरी दोन मुलं आमच्या शाळेत. "मी टेस्टच्या खिलाफ न्हाई. बिलकुल न्हाई. पण पोरगं पॉझिटिव्ह निघालं आन् दुकानासमोर पत्रे ठोकले तं? गिऱ्हाईक एकदा दुसऱ्या दुकानात गेलं की वापस येत न्हाई." कोर्टात वकिली करणारे एक पालक म्हणाले की ऐच्छिक याचा अर्थ त्यांना मान्य आहे, पण तपासणी नाकारली तर मुलाला वर्गात बसू देणार का, हे शाळेने लेखी द्यावं. पिठाची गिरणी चालवणाऱ्या ताईंनी पदर सावरून हळूच सांगितलं, "आमच्या मोठीचं जमून राह्यलंय. घरात कोरोना निघाला असं पाहुण्यांच्या कानावर गेलं तं फिरतील ते." बँकेतल्या एका वडलांनी मोबाइल वर धरून जाहीर केलं की ती काडी नाकातून थेट मेंदूला लागते, त्याचा व्हिडिओ त्यांच्याकडे आहे. त्यावर तीन-चार आया एकदम उठल्या. मग काहींनी व्हिडिओ मागितला, काहींनी नंबर दिले, आणि सभा हातातून निसटली.

"आधी त्यांचं उतरू द्या," आबांचा आवाज आला. शांतता झाली. बाईंनी कृतज्ञतेने त्यांच्याकडे पाहिलं. "आबा, तुमचं काय मत?"

"न्हाई," आबा म्हणाले.

"काय नाही?"

"माझा विरोध हाय. माझ्या नातीच्या नाकात काडी घालायची न्हाई."

कारण विचारलं तर सांगेनात. बाईंचा चेहरा उतरला, कारण आबांनी नाही म्हटल्यावर निम्म्या खुर्च्या त्यांच्या बाजूने झुकल्या. पण आबांचा स्वभाव असा की सभेला न आलेल्यांना मोजल्याशिवाय त्यांना चैन पडेना. "निम्मे लोक आलेच न्हाईत. त्यांना कोण विचारणार? मी विचारतो घरोघर. हो म्हणणारे बी सांगतो, न्हाई म्हणणारे बी सांगतो. बराबर सांगतो." विरोधकानेच घरोघर मतं गोळा करायची, हे बाईंना जरा विचित्र वाटलं, पण दुसरं कुणी तयार नव्हतं.

पुढचा आठवडा आबा गल्लोगल्ली हिंडले. दारात उभं राहून विचारायचे ते शेजारच्या तीन घरांना ऐकू जायचं, त्यामुळे काम लवकर उरकायचं. रोज शाळा सुटताना येऊन मला सांगत. "देशपांड्यांचं हो. साळुंक्यांचं न्हाई. त्यांची बायको हो म्हणती, पण ते घरात असले की न्हाई म्हणती. ते कशात धरू?" प्रत्येक घरी चहा व्हायचा. चहासाठी मास्क हनुवटीवर यायचा आणि पुढच्या घरापर्यंत तिथेच राहायचा. मी एकदा टोकलं, तर म्हणाले, "मॅडम, तोंड झाकून मत विचारलं तं लोकांना वाटतं, वसुलीवाला आला."

त्या आठवड्यात प्रांजल वर्गात गप्प गप्प असायची. एका संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. घर एसटी कॉलनीजवळ, दोन खोल्यांचं, पुढे पत्र्याची पडवी. प्रांजलच्या आजी आत पलंगावर बसल्या होत्या. त्यांना दम्याचा त्रास. प्रांजलचं अंथरूण मात्र पडवीत होतं.

"शाळा चालू झाल्यापासून पोरगी बाहेर झोपती," आजी म्हणाल्या. "ह्यांनीच ठरवलं. शाळेतून काही आणलं तं मला लागंल म्हणून."

आबा दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. मी म्हटलं, "आबा, मग तपासणी केली तर कळेलच की तिला काही नाही."

आबा बोलले ते इतक्या हळू, की मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. "माझ्या गाडीवर एक ड्रायव्हर होता मॅडम. एवढी वर्षं एका डब्यात जेवलो. दुसऱ्या लाटंत त्याला ताप आला. अंगभर पांढरे कपडे घातलेले लोक आले, नाकात काडी घातली, आन् गाडीत बसवून घेऊन गेले. मी त्याच्या घराच्या फाटकात उभा होतो. तो म्हणत होता, चप्पल घालू द्या. जल्दी चला म्हणाले. वापस आला न्हाई." त्यांनी आत पाहिलं. "त्यांचं काय चुकलं असं न्हाई म्हणत मी. लई धावपळ होती तेव्हा. पण त्याला कुणी विचारलं न्हाई."

तेवढ्यात पडवीतून प्रांजलचा आवाज आला. "आबा, तुम्ही गावाला विचारून आले. मला कामून विचारलं न्हाई?"

आबा वळले. "तुला?"

"मला करायचीय टेस्ट. निगेटिव्ह आली तं मी आजीपाशी झोपणार."

आजींनी तोंडाला पदर लावला. हसत होत्या की काय, कळलं नाही. आबा म्हणाले, "ठीक हाय. पण आधी मी बसतो. काडी कुठवर जाती ते मला पाहू दे."

तपासणीच्या दिवशी आरोग्य केंद्राच्या दोन सिस्टर आल्या. पाचवीच्या वर्गात टेबल मांडलं. हो म्हणणारे पालक मुलांना घेऊन आले होते, आणि नाही म्हणणारे काय होतं ते पाहायला आले होते, त्यामुळे गर्दी भरपूर. आबा खुर्चीवर बसले. त्यांना शाळेत बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. सिस्टरने काडी नाकात घातली तशी आबांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मग अशी एक शिंक आली की बँकवाले वडील दोन खुर्च्या ओलांडून मागे गेले.

"मेंदूला न्हाई लागत," आबा डोळे पुसत म्हणाले. "पार अलीकडंच थांबती."

मग प्रांजल बसली. तिने हूं की चूं केलं नाही. थोड्या वेळाने सिस्टरने निकाल पाहिले. प्रांजलच्या पट्टीवर एक रेघ होती. आबांच्या पट्टीवर दोन.

"दोन रेघा," सिस्टर म्हणाली.

गिरणीवाल्या ताईंच्या तोंडून निघून गेलं, "अगं बाई, आबा, पेढे वाटा." सगळा वर्ग हसला. आबासुद्धा हसले. मग एकदम त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "मॅडम," ते म्हणाले, "मी पोरीला बाहेर झोपवलं. आन् मी सोता रोज तिच्या आजीच्या उशाशी बसून चहा देत होतो."

एक सिस्टर लगेच पेटी घेऊन त्यांच्या घरी निघाली. आबांना बाहेर मैदानात, सगळ्यांपासून लांब, लिंबाखाली उभं केलं. तिथे त्यांनी तोंडावरचा मास्क नीट दाबून बसवला, हात वर केला आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "मी पॉझिटिव्ह निघालोय. ज्यांनी ज्यांनी माझ्यासंगं चहा पिला, त्यांनी लाइनीत या. पोरांना घेऊन या. सक्ती न्हाई. पण या."

त्यांच्यासंगं चहा कुणी पिला नव्हता? सगळ्या गल्ल्यांनी पिला होता. ज्यांनी नाही म्हटलं होतं, त्यांच्याकडे तर आबा जास्त वेळ बसले होते. शेठजी दुकान नोकरावर सोडून दोन्ही मुलांसह रांगेत उभे राहिले. साळुंके आणि त्यांची बायको, दोघांचंही एकमताने हो झालं. काड्या संपायला आल्या, तेव्हा केंद्रातून आणखी मागवाव्या लागल्या. मुलांमध्ये कुणीच निघालं नाही. मोठ्यांमध्ये आबांखेरीज निघाले ते फक्त वकीलसाहेब. त्यांनी निकाल लेखी मागितला.

दुपारी सिस्टर परत आली आणि तिने लांबूनच मान हलवली. आजींना काही नव्हतं. आबा लिंबाच्या बुंध्याला पाठ लावून खाली बसले आणि डोळे मिटून घेतले.

त्या दिवसापासून अंथरुणांची अदलाबदल झाली. प्रांजल आत आजीपाशी, आबा बाहेर पडवीत. त्यांना एक-दोन दिवस ताप आला, बाकी फारसं काही झालं नाही. शेठजींनी किराणा दारात आणून ठेवला. त्यांच्या दुकानासमोर काही पत्रे ठोकले गेले नाहीत. गिरणीवाल्या ताईंच्या पाहुण्यांना सगळं कळलंच, पण त्यांचा उलटा निरोप आला की आमच्याच घरात दोघं पॉझिटिव्ह आहेत, तुम्ही फिरू नका म्हणजे झालं. आबा पडवीतून ये-जा करणाऱ्या प्रत्येकाला तब्येतीची खबर देत. खबर इतकी मोठ्याने असायची की काही दिवसांनी शेजाऱ्यांनीच येऊन विचारलं, "ह्यांची टेस्ट पुन्हा कधी हाय?"

दोन वर्षांनी प्रांजलच्या आईवडलांनी पुण्यात मोठं घर घेतलं आणि आजी-आबांनाही तिकडेच न्यायचं ठरवलं. शाळा सोडल्याचा दाखला घ्यायला आबा आले. मी सही होईपर्यंत त्यांना बसा म्हटलं. ते टेबलाला टेकून उभे राहिले.

"आबा," मी म्हटलं, "आता तर सांगा. त्या तपासणीला अजून विरोध आहे का?"

"हाय की."

"इतकं सगळं होऊन?"

ते जरा लाजल्यासारखे झाले. "ड्रायव्हरचं सांगतल्तं तुम्हाला, ते खरं हाय. पण आणखी एक होतं. माझं लग्न वडलांनी ठरवलं. मला लग्नाच्या मांडवात बायको दिसली. नोकरीत बदली झाली की कागद यायचा, ड्यूटी वरून लागायची. आता पुण्याला चाललो, तेबी पोरानं ठरवलं. सगळं चांगलंच झालं, तक्रार न्हाई. पण तुमच्या मोठ्या मॅडम सगळ्यांदेखत म्हणाल्या, आबा, तुमचं काय मत? जन्मात पहिल्यांदा कुणीतरी विचारलं. मंग म्हटलं, हो तं कुणीबी म्हणतं. एकदा न्हाई म्हणून पाहू, कसं वाटतं."

"मग? कसं वाटलं?"

आबांनी दाराबाहेर पाहिलं. तिथे प्रांजल मैत्रिणींच्या घोळक्यात उभी होती. मग ते माझ्या कानाशी वाकले, आणि मोठ्या मॅडमपासून फाटकावरच्या शिपायापर्यंत सगळ्यांना ऐकू जाईल असं, खासगीत म्हणाले, "लई बेस वाटलं."