यंदाच्या बेडगीत दम नाही

मिरची हातात आली की ते आधी ती कानाजवळ नेऊन मोडायचे. कडकन आवाज आला तर पुढचं, नाहीतर मिरची परत पोत्यात. मग मोडलेलं टोक नाकाशी धरून डोळे मिटायचे. सगळ्यात शेवटी पुढच्या दातांनी जरासा तुकडा तोडून जिभेवर. एवढं झालं की दुकानदाराकडे बघून म्हणायचे, "ह्यात तिखट कुठाय?" तिखट भरपूर असलं तरी हेच म्हणायचे. दुकानदारालाही ते माहीत होतं, तो हसून दुसरं पोतं उघडायचा.

नायगावच्या आमच्या चाळीत ते समोरच्या खोलीत राहायचे. बसच्या डेपोतून मेकॅनिक म्हणून रिटायर झालेले. मी त्यांना काका म्हणायचो. एप्रिल उजाडला की मजल्यावरच्या पाच-सहा घरांचा वर्षाचा मसाला एकदम व्हायचा. लालबागला जाऊन मिरच्या निवडायच्या काकांनी. पॅसेजमध्ये बसून देठं खुडायची बायकांनी, आणि डंकावर कुटून आणायला पिशव्या उचलायच्या माझ्यासारख्यांनी. मिरच्यांच्या बाबतीत काकांच्या शब्दापुढे कुणी जात नसे. माझी आई तर देवाचंही इतकं ऐकत नसेल.

आणि नाक होतंच तसं. एकदा दुकानदाराने पुढ्यात मिरचीचा ढीग ओतला. काका वाकले, वास घेतला आणि म्हणाले, "वरची यंदाची. खालची गेल्या सालची. वेगळी कर." दुकानदार दोन मिनिटं कां-कूं करत राहिला, मग गुपचूप वेगळी करायला लागला. परतीच्या वाटेवर मी विचारलं, कसं कळलं? तर म्हणाले, "तुला आईचा आवाज कसा कळतो?" मी दादरच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. मला हे उत्तर वाटलं नाही.

मग साथीचा ताप आला. निम्म्या मजल्याचा वास गेला आणि महिना-दीड महिन्यात परतही आला. लोक एकमेकांना दारात उभे राहून विचारायचे, "आला का?" काकांनाही मी विचारलं. ते म्हणाले, "आला ना." तिथेच विषय संपला.

त्यानंतर त्यांनी जे सुरू केलं त्याने मात्र डोकं फिरायची वेळ आली. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी दोन हिरव्या मिरच्या. वडापावबरोबर मिरची समजू शकतो. पण हा माणूस चहाबरोबर मिरची चावायचा. तळमजल्यावर सत्यनारायण होता, तिथे प्रसादाच्या शिऱ्यात मिरचीचे तुकडे करून घातले. भटजी बघतच राहिले. मी हळूच म्हटलं, "काका, काय हे?" तर तेच. "ह्यात तिखट कुठाय?" अहो, शिऱ्यात कशाला असेल तिखट?

सगळ्यात जास्त राग यायचा काकूंसाठी. काकूंच्या हातचं तिसऱ्या-शिंपल्यांचं कालवण शिजायला लागलं की आख्खा मजला आपापल्या ताटातल्या भाजीवर रुसायचा. त्या कालवणाचा पहिला घास घेऊन काका म्हणायचे, "तिखट कमी आहे." मग वरून लाल तिखट, मग मिरची. काकू भांडी नेहमीपेक्षा जोरात ठेवायच्या. ते आमच्या खोलीत ऐकू यायचं.

मग तो एप्रिल आला. लालबागच्या दुकानात काकांनी बेडगीची एक मिरची मोडली, नाकाशी धरली, टाकली. दुसरी मोडली. तिसरी. चार दुकानं झाली. शेवटी म्हणाले, "यंदाच्या बेडगीत दम नाही. मेलेली आहे सगळी." दुकानदार शपथा घेत होता. आता बेडगी ही काही तिखटपणासाठी घेत नाहीत, हे तुम्हाला मी सांगायला नको. ती रंगाला आणि वासाला. तिखटाला संकेश्वरी. काकांनी बेडगी निम्म्याहून कमी केली आणि संकेश्वरी दुप्पट घेतली. मी पिशव्या उचलल्या. मला शंका आली होती, पण काकांना कोण सांगणार?

मसाला झाला तो असा की डबा उघडला की ठसका लागायचा आणि वास म्हणाल तर काही नाही. रस्सा तिखटजाळ, रंग फिका, चव नावाला नाही. आणि हे एका घरात नाही, सहा घरांत, पुढच्या एप्रिलपर्यंत. माझ्या आईचं पोट बिघडलं. कोपऱ्यातल्या खोलीतल्या सुनेने माहेरून मसाला आणला, त्यावरून तिच्या घरात वेगळाच तमाशा झाला. पॅसेजमध्ये सगळे जमले. काका दारात उभे राहून म्हणाले, "तुमच्या जिभा मऊ झाल्यात. आमच्या वेळी ह्याला तिखट म्हणत नव्हते."

मला राहवलं नाही. सगळ्यांसमोर म्हणालो, "काका, तुम्हाला जमत नसेल तर सोडा आता. दुसरं कोणी निवडेल." त्यांचा चेहरा एवढासा झाला. दार लावून घेतलं. मला तेव्हा वाईट वाटलं नाही, खोटं कशाला बोलू.

उलट मी अद्दल घडवायच्या मागे लागलो. पोलीस क्वार्टर्समधला माझा एक मित्र आसामला जाऊन आला होता. त्याने तिकडच्या मिरच्या आणल्या, लाल, सुरकुतलेल्या, अंगठ्याएवढ्या. त्यातल्या दोन मी डबीत घालून काकांकडे नेल्या. काकू बाजारात गेल्या होत्या. म्हटलं, "काका, ह्यात बघा तिखट आहे का."

त्यांनी डबी उघडली. म्हणाले, "तू पण घे. मास्तर ना तू?"

मी नखाएवढा तुकडा घेतला. आधी काहीच नाही. उलट फळासारखा गोड वास आला. वाटलं, उगाच बोभाटा. मग जिभेच्या मागच्या बाजूला कोणीतरी काडी ओढली. तिथून ती आग टाळूला, घशात, कानांत गेली. कान आतून तापतात हे मला त्या दिवशी कळलं. उचकी सुरू झाली. डोक्यावरून घाम, नाकातून पाणी, ओठ आहेत की नाहीत तेही समजेना. तिखटावर पाण्याचा उपयोग नसतो हे मी दरवर्षी वर्गात शिकवतो आणि मी तांब्याभर पाणी प्यालो. आग आणखी पसरली. काकांनीच उठून दह्याची वाटी माझ्या हातात दिली.

त्यांनी आख्खी मिरची खाल्ली होती. गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. डोळ्यांतून धारा, मान लाल, श्वास धापा टाकल्यासारखा. आणि चेहऱ्यावर असं समाधान, की मला उचकीतही चीड आली.

"पोचलं रे," ते म्हणाले. "हे पोचलं."

"काय पोचलं?"

"दोन वर्षं झाली. वास येत नाही कशाचाच. मासे, चहा, उदबत्ती, काही नाही. तोंडात पुठ्ठा घातल्यासारखं. तिखट तेवढं लागतं."

जिभेला तिखट झोंबतं ते वेगळं आणि चवीचा मोठा भाग नाकाचा, हे मी कित्येक वर्षं फळ्यावर आकृती काढून शिकवतोय. आणि समोरच्या खोलीतला माणूस दोन वर्षं खिशात मिरच्या घेऊन फिरतोय, ते मला दिसलं नाही. त्यांच्यावरचा राग तसाच माझ्यावर आला.

"डॉक्टरकडे चला."

"जाऊन आलो. येईल किंवा नाही येणार, म्हणाला."

"मग काकूंना सांगा. त्यांना वाटतं तुम्हाला त्यांच्या हातचं नकोसं झालंय."

"वाटू दे. रागाने का होईना, मन लावून करते ना? कळलं तर करेल कोणासाठी? भात-पिठलं टाकेल पुढ्यात." मग माझं मनगट धरून म्हणाले, "बोलायचं नाही कुठे."

मी पुष्कळ भांडलो. समजावलं, धमकी दिली, अबोला धरला. भिंतीशी बोललो असतो तर निदान प्लास्टर तरी पडलं असतं.

पुढच्या एप्रिलला मजल्यावरचे लोक दुसऱ्याला पाठवायच्या बेतात होते. मी म्हटलं, काकाच जातील, मी आहे बरोबर. दुकानात काकांनी मिरची कानाशी मोडली आणि दुकानदाराची पाठ फिरताच माझ्या नाकाशी धरली.

"सांग."

"चांगला आहे."

"चांगला म्हंजे कसा?"

"म्हणजे... मिरचीसारखा."

काकांनी कपाळावर हात मारला. "एवढी पोरं शिकवतोस आणि एक वास सांगता येत नाही तुला. गोड आहे? धुरकट आहे? घशात उतरतो की नाकातच राहतो?" मी परत हुंगायचो, शिंकायचो, शब्द सापडायचे नाहीत. तोंडातून निघायचं तेच, चांगला. एवढी लाज मला कधी वाटली नव्हती. कसाबसा मसाला झाला. बरा झाला. सगळे म्हणाले, काकांचं नाक परत ताळ्यावर आलं. काका माझ्याकडे बघून खिशातली मिरची चावत राहिले.

आणखी एक-दोन एप्रिल असेच गेले, मग चाळ रिकामी झाली. आम्ही टॉवरमध्ये गेलो, तेही त्याच मजल्यावर आले. आता समोर लिफ्ट आहे आणि दारं बंद असतात. गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी काका चहा पिता पिता गेले. कपाशेजारी अर्धी मिरची होती.

या एप्रिलला काकूंनी दार वाजवलं. म्हणाल्या, "लालबागला येतोस? मला एकटीला जमायचं नाही."

दुकानात मी सवयीने मिरची कानाशी मोडली, वास घेतला आणि म्हणालो, "चांगली आहे."

काकू म्हणाल्या, "त्यांना सांगायचास तसं सांग."

मी त्यांच्याकडे वळलो. "तुम्हाला माहीत होतं?"

"दूध करपून धूर झाला आणि हे शेगडीजवळ बसून पेपर वाचत होते. तेव्हाच कळलं. आणि लालबागहून शिंकत यायचास तू, हे नाही. म्हटलं, लपवतायत तर लपवू दे. रोज तिखट कमी म्हणायचे आणि टोप चाटून ठेवायचे. मी बोलले असते तर जेवणाचं नाटक तरी कशाला केलं असतं त्यांनी?"

म्हणजे ती दोघं एकमेकांपासून लपवत राहिली आणि मधल्या मध्ये मी भांडत बसलो. काकूंवर ओरडावंसं वाटलं. पण दुकानदार समोर होता आणि मिरची हातात होती.

मी परत नाकाशी धरली. डोळे मिटले. म्हणालो, "आधी मनुकांसारखा गोड येतो. मग ट्रंकेत ठेवलेल्या सुती साडीसारखा कोरडा. शेवटी जरा धूर. घशात उतरत नाही, नाकातच राहतो."

काकू मान हलवत होत्या. मी अजून थोडा वेळ डोळे मिटूनच उभा राहिलो. मग दोन किलो बेडगी मोजायला सांगितली.