इंदूकाकूंची कच्ची बाही

इंदूकाकूंच्या दारात गेलं की त्या "या, बसा" म्हणत नसत. आधी तुमच्या बाहीचं कापड चिमटीत धरायच्या, ओढायच्या, सोडायच्या आणि ते परत जागेवर जातंय का बघायच्या. तुमच्या तोंडाकडे नजर त्यानंतर. मी लग्न होऊन थेरगावात आले तेव्हा शेजारी ओळख व्हावी म्हणून रव्याचे लाडू घेऊन त्यांच्याकडे गेले होते. ताटली माझ्या हातात तशीच, आणि या बाईंनी माझी बाही ओढली. "मेलंय हे कापड," म्हणाल्या. "ओढलं की येतंय, पर माघारी जात न्हाई. कुटनं घेतलंस?" टॉप माझ्या माहेरचा, आईने घेतलेला! लाडू ओट्यावर आपटले आणि तरातरा घरी आले. बरेच दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. मग तो टॉप धुता धुता गुडघ्याकडे निघाला, तेव्हा मुकाट्याने त्यांच्याकडेच गेले.

काकू चाकणकडच्या एका जुन्या गावातल्या. गावाच्या जमिनीवर कंपन्या आल्या, काका कंपनीत लागले, थेरगावात दोन खोल्या घेतल्या आणि पुढे काका वारले. मूलबाळ नव्हतं. घरात दोन शिलाई मशिनी होत्या, एक साधी पायाची आणि एक पिको-फॉलची. साड्यांना पिको करता करता त्यांच्या लक्षात आलं, की या मशीनची नागमोडी टीप ओढली तरी तुटत नाही. तेव्हापासून त्या होजिअरीचे टॉप शिवायला लागल्या. बनियनचं असतं तसं मऊ, ताणलं जाणारं कापड. साधा शिंपी त्याला हात लावत नाही, कारण ते कात्रीखालून पळतं आणि सुईखाली गोळा होतं.

काकू मात्र त्या कापडाचे लाड करायच्या. आणल्याबरोबर धुवायच्या आणि पलंगावर आडवं पसरून ठेवायच्या, दोरीवर कधीच नाही. "ताग्यावर ताणून ताणून दमून आलंय ते. निजू दे." रात्रभर कापड पलंगावर आणि काकू खाली चटईवर! मापाच्या बाबतीत तर त्या कोणाच्या बापाचं ऐकायच्या नाहीत. आपल्याकडे बायकांना कपडा वाढत्या अंगाचा हवा असतो. काकू उलट अंगापेक्षा कमी बेतायच्या. कोणी कुरकुर केली की म्हणायच्या, "कापड वाढतंय की, तू कशाला वाढतीस?" ती बाई हिरमुसून जायची, आणि टॉप घालून बघितला की हसत परत यायची.

माप घेण्याआधी त्यांचा एक प्रश्न ठरलेला. "हापिसात हाईस का मशीनवर?" ऑफिसवालीची बाही त्या नागमोडी टिपेने पक्की जोडायच्या. मशीनवर काम करणारीची बाही मात्र साध्या मशीनवर, जुन्या रिळातल्या कच्च्या दोऱ्याने, लांब लांब टाके घालून. अशी बाही जरा जोरात ओढली की टराटर खांद्यापासून सुटते. हे त्या मुद्दाम करायच्या आणि तोंडावर सांगायच्या. "मशीननं बाही धरली तर बाही जाऊ दे. हात न्हाई जायचा."

हे कुठून आलं, ते त्यांनी एकदाच सांगितलं होतं. मालन म्हणून त्यांची धाकटी बहीण. तळवड्याच्या एका छोट्या शेडमध्ये ड्रिलिंग मशीनवर होती. काकूंनी तिला हौसेने पुऱ्या बाहीचा टॉप शिवून दिला आणि वर फुशारकी मारली, की कापड फाटेल, पण माझी शिलाई उसवायची नाही. नाहीच उसवली. मशीनने बाही धरली, गुंडाळली, आणि बाहीबरोबर मालनचा डावा हात गेला. "कापड माजं, टीप माजी," एवढं बोलून काकू उठल्या आणि पिठाचे डबे पुसायला लागल्या. मालनचं पुढे काय झालं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. मी माझ्या मनाने धरून चालले, की ती गेली असणार.

माझी नणंद स्वाती चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत ड्रिलिंगवर आहे. लोखंडाचा गरम कीस उडतो म्हणून तिला पुऱ्या बाहीचे टॉप लागतात. काकूंनी तिला दोन शिवून दिले. एकदा कंपनीच्या बसमध्ये ती वरचा दांडा धरून उभी होती, बसने ब्रेक मारला आणि बाही काखेत उसवली. बसभर पोरं. पोरगी ओढणी गुंडाळून रडत घरी आली. "वहिनी, त्या काकूंना सांग, मला नको त्यांचे टॉप! माझी पार शोभा झाली."

मी काही बोलायच्या आत सासूबाईंनी दोन्ही टॉप ताब्यात घेतले. सासूबाई आमच्या बार्शीकडच्या. गोधड्या शिवण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. पण काकू बाही कच्ची का ठेवतात, हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. घरात कोणी नसताना त्यांनी गोधडीचा जाड दोरा दुहेरी ओवला आणि चारही बाह्या खांद्याला अशा जखडून टाकल्या, की बैलाने ओढल्या तरी सुटू नयेत. स्वाती खूश. मला या दोघींनी पत्तासुद्धा लागू दिला नाही.

पुढच्या सोमवारी स्वाती फर्स्ट शिफ्टला गेली. घरातलं आवरून मी तिचा दुसरा टॉप घेऊन काकूंकडे गेले. गळा जरा सैल पडला होता, तो आवळून घ्यायचा होता. काकूंनी सवयीने बाही ओढली. पुन्हा ओढली. मग टॉप उलटा करून खिडकीशी नेला.

"हे कुनी केलं?"

मी बघितलं. आमच्या घरच्या गोधड्यांचा पांढरा दोरा मी झोपेतही ओळखेन.

"दुसरा कुटं हाय?" काकूंनी विचारलं.

"स्वातीच्या अंगात," मी म्हटलं.

फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. उचलणार कोण? त्यांचे फोन गेटवरच काढून ठेवतात. काकू पायात चपला अडकवत होत्या, त्याही वेगवेगळ्या जोडातल्या. "गाडी काढ," म्हणाल्या. मी म्हटलं, "काकू, दुपारी येईलच ती. रोज का बाही अडकते?" त्यावर काकू माझ्याकडे अशा बघायला लागल्या, की मी स्कूटीची चावी घेतली.

जन्मात दुचाकीवर न बसलेली बाई मागे बसली. माझी कंबर दोन्ही हातांनी आवळलेली, आणि एका मुठीत टाके उसवायची कात्री. मोशीपर्यंत ठीक गेलो. पुढे हायवेला कंटेनरमागे कंटेनर, आणि दोन कंटेनरच्या मधून माझी स्कूटी. मी आयुष्यात इतक्या शिव्या दिल्या नसतील तेवढ्या त्या रस्त्यावर दिल्या. काकू मागून एकच म्हणत होत्या, "चल, चल गं बाय, चल." तळेगाव चौकात सगळंच थांबलं. पुढे ट्रेलर, मागे ट्रेलर, शेजारी कंपनीची बस, आणि मला त्या बसच्या काचेत प्रत्येक पोरगी स्वातीसारखी दिसायला लागली. मघाशी मीच काकूंना समजावत होते. आता हॉर्नवरचा अंगठा मीच काढत नव्हते.

गेटवर सिक्युरिटीवाल्याने आडवा हात केला. "काय काम आहे मॅडम?"

"स्वातीला बाहेर बोलवा. ड्रिलिंगला आहे. अर्जंट आहे."

"काय अर्जंट? घरी मयत वगैरे झालंय का?"

"मयत न्हाई," काकू म्हणाल्या, "बाही हाय."

तो माणूस आमच्या तोंडाकडे बघतच राहिला. "मावशी, बाहीसाठी लाइन बंद करू का मी?"

"कर!" काकू एवढ्या मोठ्याने ओरडल्या, की आतला दुसरा गार्ड धावत आला. त्याला बहुतेक दया आली. त्याने आत फोन लावला, हं हं केलं, आणि रिसीव्हर ठेवून म्हणाला, "ती लाइनवर नाहीये. फर्स्ट एडला नेलंय म्हणतात."

"का? काय झालं?" मी विचारलं.

"ते काय सांगितलं नाही."

काकू होत्या तिथेच मातीत खाली बसल्या.  स्वतःचा डावा दंड उजव्या हाताने घट्ट धरला. मला सासूबाईंचा राग आला, स्वातीचा आला, कंपनीचा आला, आणि खरं सांगते, घाबरून मला त्या क्षणी काकूंचाही राग आला. हिची बाही नसती तर हे काहीच झालं नसतं, असं काहीतरी वेड्यासारखं मनात येत होतं. गेटच्या आतल्या रस्त्यावर नजर लावून मी उभी होते. एक फोर्कलिफ्ट गेली. दोन साहेब गेले. मग शेडच्या कोपऱ्यावरून निळा एप्रन घातलेली एक पोरगी येताना दिसली. आधी मी तिचे हात बघितले. दोन होते, दोन्ही हलत होते.

"वहिनी? तू इथे कशी? आई बरी आहे ना?"

"तुला काय झालं? फर्स्ट एडला का नेलं?"

"डोकं दुखत होतं गं. गोळी घ्यायला गेले होते."

मी तिला एक सणसणीत ठेवून देणार होते. माझ्या आधी काकू उठल्या. त्यांनी तिचा एप्रन खांद्यावरून खाली ओढला आणि कात्री काढून तिथेच, गेटसमोर, गोधडीचा दोरा कापायला लागल्या. जेवणाची सुट्टी झालेली. बाहेर पडणारी माणसं थांबून बघायला लागली. स्वाती लाजेने लाल झाली. "काकू, सोडा! सगळे बघतायत. वेड लागलंय का तुम्हाला?" ती हात ओढून घ्यायची आणि काकू परत धरायच्या.

"हात हलवू नगं, मालन," काकू म्हणाल्या. "लागंल कात्री. गप ऱ्हा, मालन."

स्वाती हलायची थांबली. मालनची गोष्ट मी तिला कधीतरी सांगितली होती; तेव्हा तिने ती कानाआड केली होती. मान खाली घालून ती उभी राहिली, आणि काकूंनी एक एक टाका कापून दोन्ही बाह्या मोकळ्या केल्या, मग ब्लाउजला खोचलेल्या सुईने कच्च्या दोऱ्याचे चार चार टाके घातले. त्यांचं नाक गळत होतं. स्वातीने आपल्या रुमालाने ते पुसलं आणि हळूच विचारलं, "काकू, मालनताई आता कुठे असतात?"

मी डोळ्यांनी तिला दटावलं. मेलेल्या माणसाचं काय विचारतेस, म्हणून.

"देहूरोडला," काकू म्हणाल्या.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. देहूरोड! आमच्या थेरगावपासून देहूरोड ते किती लांब? "तुम्ही जाता तिकडे?" मी विचारलं. काकूंनी नाही म्हणून मान हलवली. दवाखान्यात एकदा बघितलं, तेवढंच. मग लग्नाला गेल्या नाहीत, बारशाला गेल्या नाहीत, मालनचे निरोप आले तर उत्तर दिलं नाही. "कंच्या तोंडानं जाऊ?" म्हणाल्या.  माझ्या आधी स्वाती बोलली. "रविवारी मला सुट्टी आहे. आपण जाऊ." तिने ते विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

तो आठवडाभर काकूंनी बाहेरचं काम घेतलं नाही. जांभळ्या रंगाचं, हात लावला तरी कळू नये इतकं मऊ कापड पलंगावर निजवलं, आणि एक टॉप शिवला. उजवी बाही मनगटापर्यंत. डाव्या बाजूला बाही नाही. खांद्यावरून कापड गोल वळवून असं बंद केलेलं, की कुठे चुणी नाही, गाठ नाही, आतून शिवण टोचणार नाही. मापाला कोणी नव्हतं. तो टॉप त्यांनी किती वेळा उसवला आणि किती वेळा शिवला, ते मी भिंतीपलीकडून मशीनच्या आवाजावरून ऐकत होते.

रविवारी आम्ही तिघी रिक्षाने गेलो. वाटेत काकू दोनदा म्हणाल्या, माघारी फिरू. स्वातीने रिक्षावाल्याला सांगितलं, "ऐकू नका हो त्यांचं." दार एका केस पिकलेल्या बाईंनी उघडलं. काकूंचंच नाक, काकूंचेच डोळे. अंगात कुर्ता, आणि त्याच्या डाव्या बाहीला घडी घालून वर सेफ्टी पिन लावलेली. त्यांनी काकूंना बघितलं, मग आम्हाला बघितलं. "या" म्हणाल्या नाहीत आणि "जा"ही म्हणाल्या नाहीत. काकूंनी पिशवी पुढे केली. ती घेऊन मालनताई आत गेल्या आणि आम्ही बाहेर चपलांपाशी उभ्या राहिलो.

त्या बाहेर आल्या तेव्हा जांभळा टॉप अंगात होता. खांद्याला बसला होता, गळ्याला बसला होता. डाव्या बाजूला त्यांनी एकदा हात फिरवला, पिन शोधल्यासारखा. पिन नव्हती. तिथेच काकूंचा बांध फुटला. उंबऱ्याबाहेर हात जोडून त्या म्हणायला लागल्या, "माज्या टिपेनं तुजा हात गेला, मालन. मीच नेला तुजा हात."

मालनताईंनी त्यांचं रडणं संपू दिलं. मग दारातून बाजूला झाल्या.

"हात मशीननं नेला, अक्का," त्या म्हणाल्या. "तुला कुनी नेलं व्हतं?"

काकू उंबरा ओलांडून आत गेल्या. त्या दिवशी त्या आमच्याबरोबर परत आल्या नाहीत.