दोन तळव्यांमधलं माप

अक्षर वाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकतील. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. चौथीनंतर माझ्या हातात पेन्सिल कमी आणि लाटणं जास्त आलं. पण माझ्या चुलत दिरांइतका स्वतःच्या हातांवर विश्वास असलेला माणूस जुन्नर-आंबेगावात दुसरा नाही, हे मी न चुकता लिहू शकते. दोरी, कागद, मोजपट्टी, कशावरच त्यांचा भरवसा नाही. "दोरी ताणती वहिनी, कागद दुमडतो. हात कुटं जातोय?" असं म्हणून ते दोन तळवे समोरासमोर धरत आणि मधली हवा हनुवटीनं दाखवत.

त्यांची जीप मढहून जुन्नरला माणसं नेई. जीपमधला टेप बंद पडला आणि माणसं गाणी वाजणाऱ्या दुसऱ्या जीपमध्ये बसू लागली. भावजी रिकामी जीप घेऊन आमच्या दारात आले. शिलाई मशीनसाठी अंडी विकून साठवलेले पैसे माझ्या डब्यात होते. एरवी मी कुणाशी फारसं बोलत नाही, पण त्या दिवशी डबा पुढे करून म्हणाले, "घ्या. पण टेप वाजला पाहिजे."

नवा टेप आला तो लहान निघाला. जुन्याच्या भोकात ठेवला की आत गडप. आता भोवती बसवायला फ्रेम हवी, वायरी जोडायला वेगळं सॉकेट हवं, एरियलची पिनही निराळी. माझं मशीन त्या भोकात अडकलं. भावजींनी भोकाचं माप तळव्यांत धरलं आणि एसटीनं जुन्नरला निघाले. वीतभर फ्रेमसाठी डिझेल कोण जाळणार? कंडक्टर म्हणाला, "पावणं, तिकीट." भावजी म्हणाले, "वरच्या खिशात पैसं हायेत, तुमीच काढा राव. माझं माप हलंल." ओळखीच्या एकानं नमस्कार केला, तर यांनी नुसती मान हलवली. "जीपवाला हात जोडंना, लई माज आलाय," असं तो पुढे गावभर सांगत होता. एवढं सांभाळून नेलं आणि जुन्नरच्या स्टँडवर भावजींना शिंक आली. फ्रेम दोन बोटं मोठी आली.

"शिंकंचं माप आलं," ते म्हणाले.

मी हळूच म्हटलं, "भावजी, जुना टेपच दुकानात न्यायचा ना."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "वहिनी, तुमी बोलत नाय, त्यानं माणसाचं लई नुकसान होतं."

दुसरी फ्रेम बसली. सॉकेट न आणता वायरी मात्र त्यांनी स्वतःच्याच हातानं पिळल्या. टेप लागला, पण इंडिकेटर लावला तरच, आणि त्याच्याबरोबर उघडझाप करत. "गाण्याला उचकी लागलीय का ओ भाऊ?" माणसं विचारत, हसत, आणि हसायला म्हणून परत याच जीपमध्ये बसत. मग सॉकेट आलं, गाणं सरळ झालं. एरियलची पिन काही आली नाही.

दर आठवड्याला भावजी थोडे थोडे पैसे देऊन जात. किती उरले हे आकड्यात सांगत नसत. तळवे समोर धरत, "एवढं ऱ्हायलं." मग चहा होई, नव्या फजितीची गोष्ट होई, आणि मीही बोले. माझंच मला नवल वाटे. तळवे जवळ येत गेले तसं मला उगाच वाटू लागलं की मशीनला घाई नाही.

शेवटी एकदा भावजींनी पैसे दिले आणि तळवे समोर आणले. मध्ये हवा उरली नव्हती. "फिटलं, वहिनी." ते मापच दाखवत होते, पण हात जोडल्यासारखे दिसले. मीही पदराखालून हात काढून जोडले.